कुलपाने ऐकलेली हाक

मी एक जुने पितळी कुलूप आहे. अलीगढच्या एका कारखान्यात मी घडले आणि तिथून गोंदियाच्या बाजारात आले. शालीकरामकाकांनी मला दुकानातच दाबून पाहिले. माझा 'खट्' असा आवाज त्यांना आवडला, आणि मी त्यांच्या लोखंडी पेटीवर बसले. काका शाळेच्या मुलांना दरेकशाच्या जंगलात शिबिराला नेत. मुलांचे फोन, पैसे, औषधे पेटीत ठेवायची, मला दाबायचे आणि किल्ली कमरेला लावायची, असा त्यांचा नेम होता. दाबले की मी लागते; उघडायला मात्र किल्लीच हवी. या कुलपाच्या भरवशावर मला झोप लागते, असे ते पालकांना सांगत. मित्रांनो, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

पण वर्षे गेली आणि कधी काही चोरीला गेले नाही. नेम सैल झाला. फोन मुलांजवळच तंबूत राहू लागले. पेटी सारखी उघडावी लागते म्हणून काका मला कोयंड्यात नुसतेच अडकवून ठेवू लागले. स्वयंपाक करणाऱ्या शामकलाबाईंनी एकदा हटकले, तेव्हा काका म्हणाले, "या जंगलात कोण येऊन राहिलं? कुलूप कायले पाहिजे?" माझ्या दांडीवर गंज चढला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिबिराजवळ एक गृहस्थ एकटेच तंबू ठोकून राहिले होते. निळी टोपी, मऊ बोलणे. सकाळी ते चहाला आले. तंबू ओळखू यावेत म्हणून काकांनी प्रत्येक तंबूवर मुलांच्या नावांची पट्टी चिकटवली होती. त्या पट्ट्यांचे पाहुण्यांनी कौतुक केले. आज सगळे धबधब्याला जाणार आहेत, फक्त कुडवा गावची रुची तापामुळे मागे राहील, हे काकांनीच त्यांना बोलता बोलता सांगितले.

काका मुलांना घेऊन गेले. शामकलाबाईंनी रुचीला स्वयंपाकाच्या मांडवात, माझ्या पेटीशेजारी झोपवले आणि गुंड, म्हणजे पितळी घागर, घेऊन त्या नाल्यावर पाण्याला गेल्या. भर दुपार होती. ऊन लख्ख होते, पण पाखरू बोलत नव्हते. पानही हलत नव्हते.

तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. अगदी हळू, मायेने.

"रिंकू..."

उत्तर आले नाही. मग तंबूची चेन सरकल्याचा आवाज आला. थोडी शांतता. चेन पुन्हा लागली.

"ओमेश..."

पुन्हा चेन. पुन्हा शांतता. पावले वाजत नव्हती, फक्त नावे जवळ येत होती. रुची उठून बसली. तिच्या अंगातला ताप मला पेटीच्या पत्र्यातून जाणवला. मग हाक तिच्या स्वतःच्या रिकाम्या तंबूपाशी आली.

"रुची..."

ती हाक खूप वेळ तिथेच उभी राहिली. चेन सरकली, पण या वेळी ती पुन्हा लागल्याचा आवाज आला नाही.

पेटीत एका पिशवीत शिबिराचे पैसे होते आणि ओमेशची इंजेक्शने होती. ओमेशला साखरेचा आजार आहे. संध्याकाळचे इंजेक्शन चुकले तर त्याच्या जिवावर बेतले असते. दवाखाना दूर होता. रुचीला हे माहीत होते. तिने दोन्ही हातांनी मला धरले आणि सारा जोर लावून दाबले. गंजलेली दांडी अडली, मग आत गेली. खट्.

बाहेरचा आवाज थांबला. रुची तांदळाच्या पोत्यांमागे सरकली. मांडवात सावली आली. एका गार, कोरड्या हाताने मला उचलले, ओढले. मग दगडाचे दोन घाव बसले. माझे अंग चेपले, पण मी सुटले नाही. दुरून शामकलाबाईंच्या बांगड्या गुंडावर वाजल्या, तसा तो हात निघून गेला. घाई न करता.

संध्याकाळी मुले परतली. रुचीचा सोडून सगळे तंबू जसेच्या तसे बंद होते आणि आतले फोन नाहीसे झाले होते. गावचे वाटाडे नंदलालभाऊ धावत आले. निळ्या टोपीचे पाहुणेही आले. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि माझ्यावर हात ठेवला. तोच गार हात. मी ओळखला, पण कुलपाला जीभ नसते. मग ते वाकून म्हणाले, "रुची, आता बरं वाटतं का?"

रुचीने काकांचा हात घट्ट धरला. "काका, दुपारी हेच माझं नाव घेऊन राहिले होते."

पाहुणे नुसते हसले. ते हसू मी विसरलेले नाही. नंदलालभाऊंनी त्यांचा तंबू उघडला, तेव्हा सगळे फोन तिथे सापडले. सोबत एक वही होती. तिच्यात मुलांची नावे होती, पानेच्या पाने; आमच्या मुलांची फक्त शेवटच्या पानावर. पोलीस आले आणि पाहुण्यांना घेऊन गेले. बाकीची मुले कुठली, हे मला कधीच कळले नाही.

चेपले तरी किल्लीने मी उघडले आणि ओमेशला वेळेवर इंजेक्शन मिळाले. काकांनी नावांच्या सगळ्या पट्ट्या उपटून चुलीत घातल्या.

मित्रांनो, शिबिराला जाल तेव्हा तळ रिकामा सोडू नका, आणि आपल्यातले कोण कुठे एकटे आहे हे अनोळखी माणसाला सांगू नका. आणि मला नुसते अडकवून जाऊ नका. अडकवलेले कुलूप दुरून लावल्यासारखेच दिसते. तुम्ही त्याच्याकडे दुरून पाहता आणि निश्चिंत होता. ज्याला पेटी उघडायची असते, तो जवळ येऊन पाहतो.