रविवारपर्यंतचे कासव

बागेत शिरणाऱ्या प्राण्याने आधी परवानगी घ्यावी, अशी माझी अपेक्षा नाही; पण निदान गुलाबाच्या वाफ्यात मागचे पाय रोवून उकरू नये, एवढे तरी पथ्य पाळावे. मंगळवारी सकाळी झाडांना पाणी घालायला गेले, तेव्हा ताटाएवढे एक कासव तिथे खुशाल माती उडवत होते. मागच्या रस्त्यापलीकडे तळे आहे, तिथूनच आले असणार. मी दटावले, तशी त्याने मान आत ओढून घेतली. या घरात माझा शब्द इतक्या तत्परतेने बऱ्याच दिवसांत कोणी मानला नव्हता.

मी त्याला दोन्ही हातांनी उचलले, मागच्या ओसरीवरच्या कपडे भिजवायच्या टबात ठेवले, वर पाणी ओतले आणि मुलीला फोन लावला.

आमच्या घरात फोन कामासाठीच करतात. तो नियम माझाच. शाळेचे गणवेश शिवण्याचा आमचा कारखाना होता. मशिनांच्या घरघरीत बोलायचे म्हणजे ओरडावे लागे, म्हणून कामाशिवाय तोंड उघडायचे नाही, असा दंडक मी घातला होता. तो पुढे घरीही आला. यजमान गेले, कारखाना विकला, दंडक राहिला. मुलीने तो असा अंगी बाणवला आहे की तिचा फोन आला की मी आधी चष्मा शोधते. काहीतरी लिहून घ्यायचे असणार. अलीकडे फोन फारसा येत नाही, कारण माझी सगळी कामे मी वेळच्या वेळी उरकते.

कासव हे मात्र काम होते. मुलीने ते शांतपणे ऐकून घेतले, पण मागे नातीच्या कानावर गेले आणि तिने फोन हिसकावलाच.

"आजी, त्याला जाऊ देऊ नकोस हं. आम्ही रविवारी येतो बघायला. अगदी राहायलाच येतो."

मी कबूल केले. दिला शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

मग वरची खोली उघडली. गाद्यांना ऊन दाखवले, चादरी बदलल्या, गंजलेल्या कडीला तेल घातले. खाली कासव टबाच्या कडेला नखांनी खरवडत होते. पालेभाजीची पाने टाकली, त्यांना त्याने तोंड लावले नाही. दिवसभर ते खरवडणे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई, आणि खरे सांगायचे तर मला ते हवेसे वाटू लागले होते. घरात कोणीतरी काहीतरी करते आहे, असे वाटे.

पण उपाशी जीव घरात ठेवणे मला मान्य नाही. गुरुवारी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. वय कोवळे, पण बोलणे चोख. कासव कुठे सापडले, काय करत होते, एवढे विचारून त्यांनी निदान केले.

"आजी, मादी आहे ती. अंडी घालायला जागा उकरत होती. तिला जिथून उचललंत तिथेच ठेवा, तोंड जिकडे होतं तिकडेच करून. तळ्यात नेऊन सोडू नका, ती परत रस्ता ओलांडून येईल."

"रविवारपर्यंत थांबलं तर चालेल?"

"थांबेल कशी? टबातच अंडी टाकेल आणि ती पाण्यात गुदमरून जातील. रविवारी काय आहे?"

काही नाही, असे मी म्हणाले. माझ्या घरची माणसे कशाने येतात, हे परक्या बाईला सांगण्याचे कारण नव्हते.

मी ओसरीवर गेले आणि टबाशी स्टूल ओढून बसले. ते बिचारे खरवडतच होते. शब्द माझा होता. अंडी त्याची होती. उठले, त्याला उचलले आणि वाफ्यात, कुंपणाकडे तोंड करून ठेवले. जवळ उभे राहू नका, असे बाईंनी बजावले होते, म्हणून खिडकीतून पाहिले. दुपारभर त्याने उकरले. संध्याकाळी ते कुंपणाखालून गेले आणि माती जागच्या जागी सारखी केलेली दिसली. आत काय आहे ते उकरून बघू नका, अशीही ताकीद होती. दुसऱ्याचे ऐकण्याची मला सवय नाही, पण ऐकले.

मग मुलीला फोन करून सगळे सांगितले.

"बरं केलंस, आई. पोर जरा रडेल, समजावते मी तिला. मग रविवारचं दुसरं काही काम होतं का?"

माझ्याच शिस्तीत वाढलेली मुलगी. तिने रीतीप्रमाणेच विचारले होते.

"काम काही नाही," मी म्हणाले. "तरी या."

"आई, तुला बरं नाहीये का?"

हो म्हटले असते, तर उजाडायच्या आत दारात गाडी उभी राहिली असती.

"मी ठणठणीत आहे. उगाच या म्हणतेय."

"उगाच?" तिने तो शब्द असा उच्चारला, जणू दुसऱ्याच कोणाचा निरोप तिला चुकून मिळाला होता. "बघते, आई. यांचं काही ठरलंय का, विचारते."

विचार, म्हणाले. काम संपले होते. त्यापुढे काय बोलतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. पण फोन तिने ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.