कार्डाची दोन वेळची धार

भीमाप्पांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर पंजा ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले,

"अंग कोमट हाय. करा चालू."

प्रसेनजीतनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. राजारामपुरीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आजवर त्यानं शंभरभर ग्राफिक्स कार्डं विकली होती, पण कार्ड घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी यायचं, आणि तेही दोन वेळा, असं कधी झालं नव्हतं.

"काका, ही म्हस न्हवं."

"म्हस बरी की. तिला डोळ्यानं बघता तरी येतं. हे तुमी खोक्यात घालून देणार आन् आमी घेणार. न्हाय जमायचं. सांजची धार आन् सकाळची धार बघितल्याबिगार तीस वर्सांत मी जनावर घेतलं न्हाय."

भीमाप्पांची मुलगी विद्याश्री खुर्चीत बसून माऊस हलवत होती. तिला हसू आलं, पण तिनं मान वर केली नाही. तिचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. उद्यमनगरातली एक फौंड्री तिला कॉम्प्युटरवर पंपांची मॉडेलं करायला घरी काम देणार होती. अडचण एवढीच, की घरच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड चार वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याच्यावर पंप फिरवायला गेलं की तो धक्के खात फिरायचा. पुण्याच्या एका कंपनीचंही नोकरीचं पत्र आलं होतं. त्यांना सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तिनंच वडिलांना सांगितलं होतं, "नवीन कार्डानं सेकंदाला पंचवीस चित्रं दिली तर मी हितनंच काम करीन अप्पा. न्हाय दिली तर पुण्याला जायला लागंल."

पंचवीस हा आकडा भीमाप्पांनी पाठ करून ठेवला. दिवाळीत बायको, महादेवी, गेली, तेव्हापासून घरात दोनच माणसं होती.

आधी जुनं कार्ड. पाच मिनिटं पडद्यावर पंप गरागरा फिरला आणि शेवटी आकडा आला. चौदा.

"चौदा लिटर," भीमाप्पा म्हणाले.

"लिटर न्हाय काका, फ्रेम. सेकंदाला चौदा चित्रं."

"असू दे. म्हातारीच्या मानानं वाईट न्हाय."

प्रसेनजीतनं जुनं कार्ड काढून नवं बसवलं. पुन्हा तोच पंप, पुन्हा पाच मिनिटं. एकतीस.

भीमाप्पा उठून उभेच राहिले. "एकतीस! एका धारंला! विद्या, अगं साय घालून च्या कर पावण्यास्नी!"

"चांगलं हाय की," विद्याश्री म्हणाली. तिनं चहा आणला, आणि प्रसेनजीत पहिला घोट घेतोय तोवर कपबशा गोळा करून आत नेल्या. त्यात दोन कप भरलेलेच होते.

प्रसेनजीत कार्ड काढायला लागला तसे भीमाप्पा आडवे आले.

"आज ऱ्हाऊ दे हितंच. जागा बदलली की जनावर पान्हा चोरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसेनजीत आला तेव्हा टेबलाखाली पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी होती आणि तिचं पाणी वायरींच्या दिशेनं निघालं होतं.

"काका! पाणी! शॉक बसून मरायचं हाय काय?"

"तुमीच काल म्हणालासा, गारव्यानं जास्त देतंय म्हणून."

"मी पंख्याचं म्हणालो हुतो!"

विद्याश्रीनं फडकं आणून पाणी टिपलं. प्रसेनजीतनं वायरी स्टुलावर चढवल्या आणि आधी जुनं कार्ड लावलं. चौदा. कालच्याइतकंच.

मग नवं लावलं. विद्याश्रीनं माऊस हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी टिकटिक केली आणि बाजूला झाली. पाच मिनिटांनी आकडा आला.

तेरा.

"तेरा?" प्रसेनजीतनं चष्मा काढून पुसला, परत घातला. "जुन्यापेक्षा कमी? असं कसं हुईल? व्होल्टेज कमी हाय का घरात?"

त्यानं डब्याच्या पंख्याला बोट लावून बघितलं, वायर हलवून बघितली. आतापर्यंत भीमाप्पांचं सगळं लक्ष आकड्यावर होतं. आता त्यांनी पंपाकडं निरखून बघितलं.

पंप अजून फिरत होता. काल त्याच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसत होत्या. आज त्या लोण्यासारख्या गुळगुळीत होत्या. बोल्टाचा आटा न् आटा दिसत होता, लोखंडावर उजेड पडून सरकत होता. काल हे काहीच नव्हतं. जनावर कालच्या दुप्पट राबत होतं, आणि हिशेबाला तेरा लागत होतं.

भीमाप्पांना कोडोलीतली एक म्हस आठवली. कास भरलेली, पायाला जड, आणि सकाळच्या धारेला दोन लिटर. ते सौदा मोडून परत आले. पुढं कळलं, की घरातल्या सुनेनं पहाटे उठून आधीच धार काढली होती. तिला ती म्हस जाऊ द्यायची नव्हती.

त्यांनी विद्याश्रीकडं बघितलं. ती खाली बसून फरशी पुसत होती. फरशी केव्हाच कोरडी झाली होती.

"थांबा," प्रसेनजीत म्हणाला. "सेटिंगला कुणीतरी हात लावलाय. बघतो." त्यानं माऊस धरला.

भीमाप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे पावणं. आटलंय ते."

"अवो, काल एकतीस दिल्यात! दोन मिंटं द्या मला फक्त."

"सकाळच्या धारंला तेरा. सौदा मोडला."

"माझ्या मालाला नाव ठिवताय तुमी!"

"माल चांगला हाय. आमच्या दावणीला न्हाय जमला." त्यांनी स्वतः दोन लिटर दूध आणून त्याच्या हातात दिलं. "हेलपाटा झाला तुमास्नी."

प्रसेनजीत एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात किटली घेऊन दारापर्यंत गेला.

"पुढच्या खेपंला मी म्हसच घिऊन येतो," तो म्हणाला. "ती तरी खरं बोलंल."

स्कूटर लांब गेली. विद्याश्रीच्या हातात फडकं तसंच होतं.

"अप्पा, ते कार्ड..."

"सोमवारपातुर कशाला थांबायचं? आजच कळीव त्यास्नी."

तिनं मान खाली घातली.

"आन् जायच्या आधी एक सांगून जा," भीमाप्पा म्हणाले. "आमटीत मीठ किती घालायचं?"

"चवीपुरतं घालायचं, अप्पा."

"चव कुणाला इचारू? मापात सांग."

ती चमचा आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.