खंडूसारखं टाका

मी कंपनीच्या फाटकावरचं बोट ओळखणारं यंत्र बोलतोय. चाकणला, बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भिंतीवर सहा वर्षं आहे. अंग वीतभर. उन्हानं काच पिवळी पडली, पण रजा एकही घेतली नाही.

खोक्यातून निघालो तेव्हा कोरा होतो. मग माणसं रांगेनं आली, बोटं टेकवून गेली आणि माझ्यात नावं भरली.

कारखान्याला दारं पाच. फाटक, मशीनशॉप, पॅकिंग, वीजघर आणि ॲसिडची खोली. बाकीच्या चार दारांवर माझी धाकटी भावंडं बसवलीत. बोट ती घेतात, निर्णय माझा. माणूस कोण, हे आधी ओळखायचं. मग त्याला ते दार उघडायचं की नाही, हे यादीत बघायचं. ओळख वेगळी, परवानगी वेगळी. माणसं दोन्ही एकच समजतात.

खंडूचा अंगठा मला वाचताच येईना. तीस वर्षं ग्राइंडिंग करून रेघा झिजल्या होत्या. एकेक करत दहाही बोटं लावली, तेव्हा डाव्या करंगळीशेजारचं लागलं. तेही तिसऱ्या खेपेला.

"एक तरी बोट माझं राह्यलं म्हणायचं," खंडू म्हणाला.

खंडू माण गावचा. शॉपमधला सगळ्यात जुना माणूस. कुठलंही मशीन अडलं की हाक त्यालाच. म्हणून त्याला पाचही दारं उघडी.

पुढं भरती वाढली. नवं नाव यादीत घालायचं काम विजयश्रीचं. संगणक तीच सांभाळते. कुणाला कुठलं दार द्यायचं, हे तिनं सुपरवायझर यशवंतरावांना विचारायचं. त्यांना थांबायला वेळ नसे. चालता चालता सांगत, "खंडूसारखं टाका." मग ती खंडूच्या परवानगीची नक्कल काढी आणि वर नवं नाव लिही. मिनिटभराचं काम.

शॉपमध्ये 'खंडूसारखं' म्हणजे शाबासकी. खंडू ते ऐकून ताठ चालायचा. "समद्यांना माझ्यासारखं करा, मंग बघा कंपनी," म्हणायचा. दोन वर्षांत माझ्या यादीत एकशे दहा खंडू झाले. मला हुकूम होता. मी दारं उघडत राहिलो.

मग मिनल आली. पिंपरीची, पॅकिंगला. आठव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, हात धुवायला नळ शोधत ती ॲसिडच्या खोलीपाशी गेली. दारावर लाल पाटी होती. पण तिनं बोट टेकवलं आणि मी हिरवा दिवा दिला. माणसाचा पाटीपेक्षा दिव्यावर विश्वास जास्त. आतला पंखा सुट्टीमुळं बंद होता. वाफ कोंडलेली. ती दोन पावलं गेली आणि खाली बसली.

खंडूनं दाराच्या काचेतून पाहिलं. ओढत बाहेर आणलं.

"अगं पोरी, तुला आत घेतलं कुणी?"

तिला बोलता येईना. तिनं हात वर करून दारावरचं माझं भावंड दाखवलं.

तीन आठवड्यांनी ती कामावर आली. आवाज बसला तो अजून पुरता सुटलेला नाही.

"पाटी वाचली नाही पोरीनं," यशवंतराव त्याच दिवशी म्हणाले.

"पाटीचं ऱ्हाऊ द्या राव. दार का उघडलं ते बघा," खंडू म्हणाला.

विजयश्रीनं यादी उघडली. "काका, तिला तुमचीच परवानगी आहे. सगळ्यांनाच आहे."

खंडूनं यादीवरून बोट फिरवलं. "म्हंजे माझ्या नावानं आत गेली ती."

दुसऱ्या दिवशी तो खुर्ची ओढून विजयश्रीशेजारी बसला. दोन दिवस दुपारी बसून एकेक नाव, एकेक दार तपासलं.

"ह्याचं तिथं काम काय?"

"काही नाही."

"मंग काढ."

"उद्या लागलं तर?"

"लागलं तर मागंल. तोंड हाय त्याला."

यशवंतरावांनी दारातून टोमणा मारला, "काय खंडूभाऊ, वॉचमन झालात का?"

"व्हय. आधीच व्हायला पायजे हुतं."

यशवंतराव आत आले आणि छापलेल्या नव्या यादीखाली सही करून गेले.

शेवटी खंडूचंच नाव उरलं. येत्या शनिवारी तो रिटायर होणार होता. विजयश्री म्हणाली, "तुमचं राहू दे काका. खंडेनवमीच्या पूजेला याल, फाटक तरी उघडेल."

"शनिवारनंतर माझं हितं काम काय?"

तिनं पडद्यावरचा बाण त्याच्या नावावर नेला.

"मंग काढ."

खंडेनवमीला सगळी मशीनं पुसली, झेंडू बांधला. मलाही एक फूल मिळालं. खंडू धुतलेल्या सदऱ्यात आला आणि सवयीनं डाव्या हाताचं ते बोट टेकवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा एका खेपेत लागलं. ग्राइंडिंग सुटलं होतं, रेघा परत येत होत्या. काचेवर त्याचं नाव उमटलं. खाली लाल अक्षरं आली. परवानगी नाही.

फाटकावरचा वॉचमन बुद्धरत्न शरमला. "थांबा काका, मी उघडतो."

"आधी पाव्हण्यांच्या वहीत नाव लिही. मंग उघड."

नाव लिहून होईपर्यंत तो माझ्यासमोर उभा राहिला. "बराबर हाय तुझं," म्हणाला. आतून मिनल बसक्या आवाजात हाक मारत होती.

पुढच्या महिन्यात चेहरा ओळखणारं यंत्र येणार आहे. मला उतरवतील. उतरवा. पण त्याला यादी द्याल, तीत एकाच्या परवानगीची नक्कल दुसऱ्याला देऊ नका. प्रत्येक नावापुढं खंडूनं विचारलं ते विचारा. हो म्हणायला आम्हाला अक्कल लागत नाही. नाही म्हणायचं तेवढं शिकवावं लागतं. मी ते शिकलो आणि पहिल्यांदा म्हणालो ते खंडूला.