खिडकीमागचा तोतरा कारकून

नाटकातला तिकीट-खिडकीमागचा कारकून तोतरा होता, आणि तोतरेपणा म्हणजे आपल्या नटाच्या हातचा मळ. पहिल्या तालमीपासून तो जबडा वाकडा करून 'ब-ब-ब' असा जो सुटला, की सगळे पोट धरून हसले. पंचाईत झाली ती दुसऱ्या अंकात. तिथे कारकून घर सोडून निघालेल्या मुलीला थांबवतो, आणि लोक तिथेही हसले. दिग्दर्शिकेने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात टेकले. "गुरुवारपर्यंत हा माणूस मला खरा दिसला पाहिजे," ती म्हणाली, "नाहीतर भूमिका दुसऱ्याला देते."

खरा तोतरा माणूस शोधायला लांब जायला नको होतं. नटाचा थोरला भाऊ लहानपणापासून अडखळत बोले. पण घोडं पेंड खात होतं ते इथेच. नटाने आयुष्यातली पहिली टाळी मिळवली ती शाळेत, दादाची नक्कल करून, आणि दादा तेव्हा दारात उभा होता. तीस वर्षं त्यावर ना हा बोलला, ना तो. आता कुठल्या तोंडाने जायचं? पण गरज पडली की तोंड बरोबर सापडतं माणसाला. नट गेला.

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंगं पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तालमीला येऊन तिसऱ्या रांगेत बसला.

"तू शब्दावर जाऊन आपटतोस," अंक संपल्यावर तो सावकाश म्हणाला. "मी आपटत नाही. मला तो लांबूनच दिसतो. मग मी वाट बदलतो."

"म्हणजे कसं?"

"'बसा' निघणार नसेल, तर खुर्ची पुढे करतो. गिऱ्हाईक बसतं, त्याला काही कळत नाही." त्याने बरगड्यांखाली हात ठेवला. "तोंड नाही रे वाकडं होत. श्वास अडतो. इथे."

गुरुवारी जबडा सरळ होता. शब्द जवळ आला की कारकुनाचे खांदे किंचित वर जात, श्वास अडे, आणि मग हलक्या आवाजात भलताच सोपा शब्द बाहेर येई. दुसऱ्या अंकात त्याला 'थांब' म्हणायचं होतं. ते निघेना. त्याने मुलीच्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली आणि म्हणाला, "चहा घेऊन जा." कुणी हसलं नाही. दिग्दर्शिका म्हणाली, हे असंच ठेव, लेखकाचं मी बघते.

दादा तिसऱ्या रांगेत होताच. दोघे बाहेर पडले तेव्हा नटाने विचारलं, "किती शब्द टाळतोस असे?"

दादाने थांबत थांबत चार-पाच सांगितले. मग म्हणाला, "आणि तुझं नाव."

दादा त्याला कायम 'अरे ए' म्हणत आला होता. राग धरलाय, म्हणून नावही घेत नाही, असंच हा इतकी वर्षं समजत होता.

दादाने रस्त्यातच उभं राहून पहिलं अक्षर लावून धरलं. ते पुढे सरकेना. नट मध्ये बोलला नाही.