बैलाचे वरचे दात

फुलंब्रीहून सव्वाआठला सुटणाऱ्या एस.टी.त रोज सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न विचारले जात. विचारायचे श्रीधरपंत मुळे. पंत औरंगाबादला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि त्यांच्याकडे प्रश्नोत्तरांचं एक जाडजूड पुस्तक होतं. गाडी गावाबाहेर पडली की ते प्रश्न वाचत. चौका येईपर्यंत पासवाल्यांनी उत्तरं चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि हर्सूल आलं की निकाल. महिनाअखेरीला ज्याचे गुण जास्त, त्याला पुढचा महिनाभर ड्रायव्हरच्या मागची खिडकी. ती जागा मग कुणीही अडवत नसे, कंडक्टरसुद्धा नाही.

आप्पासाहेब जाधवांना खिडकीचं काही अप्रूप नव्हतं. त्यांना पहिला नंबर हवा होता. औरंगाबादच्या मोंढ्यात त्यांचं खत-बियाणांचं दुकान होतं, गावात चाळीस एकर जमीन होती, सोसायटीचे ते चेअरमन राहिले होते. असा माणूस लागोपाठ तीन महिने दमयंतीबाईंच्या मागं दुसरा येत होता. दमयंतीबाई कोर्टात टायपिस्ट होत्या, गाडीत कुणाशी फारसं बोलत नसत, चिठ्ठी मात्र सगळ्यांच्या आधी देत. मधमाशीला डोळे पाच असतात हे त्या बाईला ठाऊक निघालं, तेव्हापासून आप्पासाहेबांनी तिचा धसका घेतला होता.

त्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला दोघांचे गुण सारखे झाले. आणि अठ्ठावीसला पंतांनी पाचवा प्रश्न वाचला, बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात किती?

सगळी गाडी आप्पासाहेबांकडं बघून हसली. हा प्रश्न म्हणजे त्यांना घरपोच दिलेला गुण होता. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि चिठ्ठीवर ‘आठ’ असं ठळक लिहून खाली रेघ मारली. खाली आठ असतात, म्हणजे वर आठ, यात विचार करण्यासारखं काय होतं?

हर्सूलला पंतांनी उत्तर वाचलं. एकही नाही. गुण दमयंतीबाईंना.

आप्पासाहेब जागेवरून उठले. पुस्तकात छापलं म्हणून बैलाचे दात पडत नसतात, असं त्यांनी गाडीला ऐकवलं. दारात दोन बैलजोड्या आहेत, बाप-आजा याच धंद्यात गेला, आता बैलाचे दात आम्ही कचेरीतल्या लोकांकडून शिकायचे काय, असं बरंच काही ते बोलले. पंत बैलाच्या दहा पावलांच्या आत कधी गेले नव्हते. छापखान्याची चूक असेल, असं म्हणून त्यांनी वहीत दमयंतीबाईंचा गुण खोडला आणि आप्पासाहेबांना दिला.

दमयंतीबाईंनी पर्स उघडून चष्मा आत ठेवला. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “बैल तुमचे आहेत. तुम्ही बघितलेच असतील.”

दिवसभर दुकानात आप्पासाहेबांना हे वाक्य खुपत राहिलं. बघितलेच असतील. बैल बाजारातून आणताना ते नेहमी हजर असत हे खरं, पण तोंड उघडून बघायचं काम सालगडी पुंजारामचं. आप्पासाहेब तेव्हा चहा पीत आणि पावतीवर सही करत.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. ऊन अजून अंगणात होतं. ते सरळ गोठ्यात गेले, थोरल्या बैलाची वेसण धरली आणि वरचा ओठ उचलून आत बोटं घातली. हाताला नुसती गुळगुळीत हिरडी लागली. त्यांनी पुन्हा चाचपलं. एकही दात नव्हता.

त्यांचं डोकं सणकलं. म्हातारा बैल गळ्यात मारला की आपल्या. दुसऱ्याचं तोंड बघितलं, तर तोही बोळका. त्यांनी तिथूनच पुंजारामला हाक मारली आणि तो वैरणीचा भारा घेऊन दारात येतो न येतो तोच त्याच्यावर तोंड सोडलं. चार वर्षं तुझ्या भरवशावर बसलो आणि तू दात पडलेली जनावरं आणून बांधलीस, आता याचा जाब त्या व्यापाऱ्याला विचारायचा का तुला, असं ते म्हणाले.

पुंजारामला आधी काही उमगेना. मालकाचा हात कोपरापर्यंत लाळेनं भरलेला होता.

“पर मालक, काय हुडकायलेत तुमी?”

“वरचे दात हुडकायलो.”

पुंजारामनं भारा खाली ठेवला. त्यानं कपिला गाईकडं बोट दाखवलं. कपिला याच गोठ्यात जन्मली होती, व्यापाऱ्यानं फसवायचा प्रश्नच नव्हता. आप्पासाहेबांनी तिचाही ओठ उचलला. कपिलेनं जीभ काढून त्यांचं मनगट चाटलं. वर सगळं सपाट होतं.

“खालचे बघतेत, मालक,” पुंजाराम शक्य तितक्या अदबीनं म्हणाला. “वरचे देवानं दिलेच नाईत.” एवढं बोलून तो वैरण आणायला म्हणून गोठ्यामागं गेला. वैरण तर समोर पडली होती. मागून बराच वेळ त्याचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

सकाळी आप्पासाहेबांनी मोटारसायकल काढायचा विचार केला. मग वाटलं, कशाला? कुणाला काय कळलंय? गप्प राहिलं तर गुण आपला, नंबर आपला. ते गाडीत चढले, तर पंत त्यांचीच वाट बघत होते. पंतांनी रात्री बसून पुस्तकाच्या प्रकाशकाला पोस्टकार्ड लिहिलं होतं. आपल्या पुस्तकात गंभीर चूक असून आमच्या गावचे प्रगतिशील शेतकरी श्री. आप्पासाहेब जाधव यांच्या प्रत्यक्ष पाहणीनुसार बैलास वर आठ दात असतात, असा मजकूर होता. खाली सहीसाठी जागा सोडली होती.

आप्पासाहेबांनी चष्मा विसरल्याचं सांगितलं. पंतांनी आपला दिला. पेन नाही म्हणाले, तर मागच्या सीटवरून पेन आलं. समोर दमयंतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि तेच आप्पासाहेबांना जास्त जड गेलं. ‘प्रत्यक्ष पाहणी’ या शब्दांवर त्यांची नजर खिळली आणि हाताला पुन्हा ती गुळगुळीत हिरडी लागल्यासारखं झालं.

“पंत, हे कार्ड टाकू नका,” ते म्हणाले. “वर दात नसतात.”

“तुमच्या बैलांना नाहीत?”

“कुणाच्याच बैलांना नाहीत. गाईला पण नाहीत. काल तिघांच्या तोंडात हात घालून बघितलं.”

मग मागच्या बाकावरून, दह्याची मडकी सांभाळत बसलेल्या द्वारकाबाई बोलल्या. त्यांना म्हणे लहानपणापासून हे ठाऊक होतं. आप्पासाहेबांनी वळून विचारलं, मग काल का बोलला नाहीत?

“तुमी इतकं ठासून सांगत व्हते,” द्वारकाबाई म्हणाल्या, “मला वाटलं, तुमच्या बैलांना असतील.”

पहिल्यांदा हसल्या त्या दमयंतीबाई. मग ड्रायव्हर हसला, आणि आप्पासाहेबांनाही हसू आवरेना. पंतांनी वहीत गुण फिरवला. कार्ड वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मधला मजकूर खोडून ‘आपले पुस्तक उत्तम आहे’ असं लिहिलं आणि ते पेटीत टाकलं.

त्या महिन्याची खिडकी एका गुणानं दमयंतीबाईंना गेली. आप्पासाहेब पुन्हा दुसरे आले. द्वारकाबाईंचं नाव पंतांनी वहीत घातलं. लिहिता येत नसल्यानं त्या उत्तर पंतांच्या कानात सांगत, पण त्यांचं कुजबुजणं चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जाई. त्यावरून पुढं गाडीत बरीच भांडणं झाली, आणि चौक्यापर्यंत सगळ्यांनी कानात बोटं घालून बसायचा नियम आप्पासाहेबांनीच सुचवला.