सात नंबरच्या ड्रायव्हरने खाल्लेलं कापड

ज्या कापडापायी विणकरीणबाईंनी तीन वर्षं जिवाचं रान केलं, ते सकाळी डब्यात नव्हतं.

विणकरीणबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. ती संशोधक, तो सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर. तिच्या विणण्याला ना माग लागे ना टाके. सिरिंजमध्ये चिकट द्रावण भरायचं, त्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळायचे आणि सुईला हजारो व्होल्टची वीज जोडायची. मग केसाहून शेकडो पट बारीक धागा उडत जातो आणि समोरच्या फिरत्या पिंपावर लावलेल्या फॉइलवर बसतो. दिवसभर राबून पदरात काय, तर दुधावरच्या सायीसारखा एक पांढरा थर. पण हाच थर जखमेवर लावला तर जंतू तिकडे फिरकणार नाहीत, असं बाईंचं ठाम म्हणणं होतं. ते सिद्ध करायला आज बारा वाजता तुकडा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पोचायला हवा होता. आजची पाळी हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि शिष्यवृत्ती तर महिन्याभरात संपणार.

आता असला ऐवज घरच्या स्वयंपाकघरात कसा आला? तर कॉलेजातलं कोरडं कपाट बिघडलं होतं, दमट हवेत तंतू एकमेकांना चिकटतात, आणि घट्ट झाकणाचा डबा घरीच होता; त्यात तिने तो थर फॉइलसकट ठेवला. काल ती आली तेव्हा नवरा घोरत होता. सांगायचं राहून गेलं.

ओट्यावर पावाचा चुरा पडला होता आणि घरच्या फॉइलची रिकामी नळी. घरची संपली म्हणून नवऱ्याने सँडविचला डब्यातलीच फॉइल गुंडाळली होती. ती तशीच चपला अडकवून सात नंबरच्या शेवटच्या थांब्यावर धावली.

नवरा बसला टेकून पाणी पीत होता.

"सँडविच कुठंय?"

"खाल्लं की. का गं?"

"आणि फॉइल?"

त्याने खिशातून एक चुरगळलेला गोळा काढला. तिने उलगडला. फॉइल लख्ख, वर काही म्हणजे काही नाही.

"यावर पांढरं होतं ते?"

"ते होय? लोण्यामुळे पावालाच चिकटलं. मला वाटलं चीज. चव कसली नव्हती, पण म्हटलं, तू हौसेने आणलं असशील."

"तू माझी तीन वर्षं खाल्लीस," ती म्हणाली, आणि रडू येईल म्हणून पाठ फिरवली. तो काही बोलणार, तेवढ्यात कंडक्टरने घंटा दिली. त्याला बस काढावी लागली.

तिथून ती कॉलेजात मार्गदर्शक मॅडमकडे गेली. त्यांना सगळा विभाग टरकून असे. तिने एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

"माणसांवर चाचणी करायची परवानगी आपल्याला अजून मिळालेली नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "त्याचं पोट दुखतंय का?"

"विचारलंच नाही."

"एवढ्याशा चांदीने काही व्हायचं नाही बहुतेक. मी डॉक्टरांशी बोलते. पण तू आधी त्याला विचार. कापड काय, पुन्हा विणशील."

त्यांनी इस्पितळातही फोन लावून पाहिला. तिथे दाद लागली नाही. दोन महिने म्हणजे दोन महिने.

आपण काय बोलून बसलो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारच्या सुट्टीत तिने नवऱ्याला फोन केला. त्याने तो लगेच उचलला आणि तिला बोलूच दिलं नाही.

"ऐक. डेपोत बोललोय मी. रविवारच्या फेऱ्याही घेतो. शिष्यवृत्ती संपली तरी घर चालेल. तुझी सुई बंद करू नकोस."

तिने विचारलं, "तुझं पोट दुखतंय का रे?"

"नाही गं," तो म्हणाला. "पण तू विचारावंस, असं सकाळपासून वाटत होतं."