हेमरच्या फळीवरचा शेवटचा चेंडू

मी चेंडू बोलतोय. गोल नव्हे हं, अमेरिकन फुटबॉलचा, दोन्ही टोकांना निमुळता. त्यामुळे टप्पा पडल्यावर कुठे उडेन, हे माझं मलाही ठाऊक नसतं.

ओहायोतल्या एका काचकारखान्याच्या गावात, लुडविग हेमर नावाच्या खाटकाच्या दुकानात मी आलो. गावच्या फुटबॉल संघाचा खर्च तोच उचलायचा. खेळाडू आठवडाभर भट्टीपुढे राबायचे आणि रविवारी हाडं मोडून घ्यायचे.

रीत अशी, की चेंडू यजमानांनी द्यायचा आणि जिंकेल त्याने तो घरी न्यायचा. त्या हंगामात आमचे लोक सपाटून हरत होते. माझे भाऊबंद एकेक करून परगावी गेले आणि फळीवर मी एकटा उरलो.

"एमेट, हा शेवटचा," हेमर कप्तानाला म्हणाला. "हा गेला की संघ बंद. मी सॉसेज विकायला बसलोय, चेंडू वाटायला नाही."

"पोरांना काय सांगू, मालक?"

"सांग, एकदा तरी जिंका रे बाबांनो!"

मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. जिंकणं दिसतं तरी कसं?

सामन्याला एवढा चिखल, की माणूस ओळखू येईना. दोन्हीकडे शून्य. अगदी शेवटी पाहुण्यांच्या कप्तानाने मला लाथ घातली. मी निघालो थेट गोलाकडे, लाकडी खांबावर आपटलो आणि मागे आलो. खरं सांगतो, त्यात माझी काही करामत नव्हती! एमेटने माझ्यावर अंग झोकून दिलं आणि शिट्टी वाजली.

पाहुण्यांच्या कप्तानाने सवयीने हात पुढे केला. "आण इकडे."

"आधी जिंक, मग ने."

"तुम्ही तरी कुठे जिंकलात?"

"नाही ना! म्हणून तर तो आपल्या घरीच राहील."

हेमर पोट धरधरून हसला. संघ टिकला. पुढच्या हंगामाला त्याने नवे चेंडू आणले, मला मात्र फळीवरून हलू दिलं नाही. मैदानाची आठवण येऊन मी फार झुरलो.

मग एका रविवारी एमेट परगावाहून आला. डोळा सुजलेला, काखेत अनोळखी चेंडू. दुकानात एकच गलका झाला. "मालक, सरकवा जरा त्याला," तो म्हणाला, "सोबत आणलीय!"

आता माझी हवा गेली आहे, शिवण उसवली आहे. शेजारी तो परगावचा चेंडू सारखा दाराकडे बघत असतो. जिंकणं म्हणतात ते हेच का?

तुम्ही कधी त्याच्या गावाकडे निघालात, तर त्याला बरोबर न्या. माझं काय, मी माझ्या घरीच आहे.